कुशीवर निजवलेली बरणी

भट्टीत मी बरणी उभी ठेवत नाही.
कुशीवर निजवते,
खाली तिसऱ्यांच्या शिंपल्या, मऊ मातीने भरलेल्या,
तीन.
चौथी लावली की डुगडुगते.

शिंपल्या चांगुणाबाई आणतात दिवाळ्याहून,
खानावळीच्या मागे टाकलेल्या,
लसणाचा वास न गेलेल्या.
"मडक्याला कालवण करून घालतेस काय?"
पैसे घेत नाहीत,
पण दर खेपेला विचारतात.

लाकूड महापेच्या गोदामांतलं,
फळ्यांवर परक्या बंदरांचे शिक्के.
थोडा गुलमोहर, विजेच्या तारांखाली पालिकेने छाटलेला,
आणि भुतवलीच्या उतारावर वाळून पडलेली सुबाभूळ.
गुलमोहर तडतडतो. सुबाभूळ गप्प जळते.
हे दत्ताराम भोईरांनी दाखवलं मला.
एकतीस वर्षं बॉयलरवर होते ते.
कंपनी उठली, चिमणी पाडली,
आग ऐकायची सवय तेवढी
घरी घेऊन आले.

तिसऱ्या रात्री ते झरोक्याची वीट काढत नाहीत.
भट्टीकडे पाठ करून बसतात, बिडी न पेटवता.
"भूक लागली तिला," म्हणतात.
मी फळी सारते.
चिमणीतून हातभर जीभ निघते,
आत जाते.
खाली बेलापूर रस्त्याचे दिवे,
त्यांच्या पलीकडे काळोख,
म्हणजे खाडी.

मला तीच हवी होती बरणीवर.
वहीत काढून ठेवलं होतं सगळं:
ओहोटीचा गाळ, एका पायावरचे रोहित,
तिवरांची वर आलेली श्वासमुळं.
आगीने वही उघडलीसुद्धा नाही.

मग पाच दिवस नुसतं थांबायचं.
भोईर रोज सकाळी येऊन
दाराच्या विटांना उलटा हात लावायचे,
कपाळाला लावतात तसा,
आणि मान हलवून परत जायचे.

सहाव्या दिवशी विटा काढल्या.
दोन वाडगे एकमेकांना चिकटलेले,
एक सुरई पोटात फुटलेली.
बरणी धड.
राख वितळून तिच्या अंगावरून गेलेली,
साचल्या पाण्यासारखी हिरवी,
कडेशी एक थेंब, पडायचा राहून गेलेला.
उभी केली तर सगळे ओघळ आडवे झाले,
चिखलातल्या चरांतून भरती शिरावी
तसे.

मी पाणी शिंपडलं.
शिंपल्या फसफसल्या, चुना होऊन हाताला लागल्या,
धुऊन गेल्या.

चांगुणाबाई रिकामी पाटी काखेत घेऊन आल्या.
ओघळांकडे बघितलंही नाही.
बरणी आडवी केली,
कुशीतल्या खळग्यात अंगठा ठेवला,
रेघेवरून रेघेवर नख नेलं.
"ही तं तिसरी हाय," म्हणाल्या. "माजीच."
मग आत डोकावून,
"हिच्यान काय ठेवशील?"
मी काही ठरवलं नव्हतं.
"मीठ ठेव."

भोईर उरलेल्या फळ्या मोजत होते.
बावीस, म्हणाले,
पुढच्या खेपेला पुरायच्या नाहीत.