गंगव्वा सहा महिने पुढं असते

आमच्या वडगावात सातला माग थांबतात.
मी बोटांचं रेशीम पुसतो आणि टीव्हीसमोर बसतो.
होय, बसतो.
मालिकेतली बाई ‘बसते’ म्हणते, ती पुण्याकडची.
आमच्याकडं बायकापण येतो, जातो, रडतो.

भिंतीपलीकडं गंगव्वाचा टीव्ही.
त्यात हीच गोष्ट कानडीत चालते,
हाच जिना, हीच सासू, नथीच्या जागी मुगुती,
आणि सहा महिने पुढं.

म्हणून इकडं नवरा पुलावरनं नदीत पडला
आणि मी पदर तोंडाला लावला,
तेव्हा ती भाकरी थापता थापता भिंतीतनं बोलली: सत्तिल्ल.
मेला नाही.
प्रेत दाखवलं काय? मग येतंय. दाढी वाढवून येतंय.
तिकडंही तोवर आला नव्हताच तो,
पण कायदा म्हणजे कायदा.

सगळे कायदे तिनंच शिकवले मला.
एकच चेहरा तीनदा दिसला की जाहिरात.
हातात दुधाचा पेला असला तर पडणार,
चहाचा कप पडत नाही, चहाला कोण विचारतंय.
खरं सांगायला तोंड उघडलं की फोन वाजतो.
चांगली बाई दाराआडनं अर्धंच ऐकते.
वाईट बाई सगळं ऐकते, मग एकटीच मोठ्यानं बोलते,
आणि झोपायलासुद्धा शालू नेसते.
त्यातला एक आमच्या मागावरचा होता,
काठ बघून ओळखला मी.
तिनं तो कधी धुवायला काढला नाही.

पोलिसांच्या मालिकेत वेगळं:
पहिल्या पाच मिनिटांत जो आपुलकीनं पाणी विचारतो, तो खुनी.
देवांच्या मालिकेत ढग पायाखाली,
आणि घाम कुणालाच नाही.

चौकात पाटीवरनं भांडण होतं,
कुठली अक्षरं वर, कुठली खाली.
सासूवरनं कधी झालं नाही.
थोबाडीत दोन्ही भाषांत सारख्याच आवाजाची बसते.

आमचा मोनाप्पा इचलकरंजीला गेला,
नवे माग बघून येतो म्हणून.
नऊ वर्षं झाली.
उंबऱ्यात वळून बघितलं नाही त्यानं,
चप्पल सापडंना म्हणून शिव्या देत गेला.
डबा विसरला.
मी हाक मारली नाही, कूकरची शिट्टी व्हायची होती.
असल्या प्रसंगाला कोण तीन कॅमेरे लावील?

न विचारता गंगव्वा कधी कधी म्हणायची, भिंतीतनंच,
कुणाबद्दल ते न सांगता:
सत्तिल्ल.

गेल्या आषाढात तिची मालिका बंद पडली.
एका आठवड्यात उरकली.
सासू सोमवारी सुधारली,
बुधवारी धाकटीला सगळं आठवलं,
शनिवारी सगळे सोफ्यावर फोटोला बसले.
नदीतला नवरा कुणाच्या ध्यानातच आला नाही.

त्या रात्री गंगव्वा दारातनं आली.
हातात कारळ्याची चटणी, वाटीवर वाटी झाकून.
म्हणाली, आता मलापण ठाऊक नाही.
मी सरकून जागा दिली.

आमची चालूच आहे.
तिच्या पुढं आता कोण नाही.
काल नदीकाठी एक माणूस दाखवला, पाठमोरा.
दाढी होती की सावली, कळलं नाही.
एकदा वळायला लागला,
पुन्हा तेच वळणं दाखवलं,
तिसऱ्यांदा दाखवणार तोच लाईट गेली.

गल्लीतनं कुणीतरी ओरडलं, कानडीत की मराठीत, आठवत नाही.
आम्ही तशाच बसलो.
बऱ्याच वेळानं गंगव्वानं विचारलं,
चटणीत मीठ जास्त झालंय काय?
नाही, म्हटलं मी.
झालं होतं.