लायलॅकच्या अलीकडून

एल्डन कॉस्की टेप ओढतो गॅरेजच्या भिंतीपासून
कुंपणाकडे. ती लायलॅकमध्ये अडकते.
शेजाऱ्याला सांगतो, बर्फ उडवायचं यंत्र मावत नाही.
नगरपालिकेच्या अर्जावर लिहितो : साठवण.
पाया पाच फूट खोल हवा, नाहीतर ड्युलुथचा हिवाळा
भिंती खालून उचलून टाकतो.

कागदावर गाडी काढलीय. उजव्या दारातून
उतरणारी एक फळी,
फळीपुढे एक वर्तुळ,
तीनदा खोडून पुन्हा काढलेलं :
चाकाची खुर्ची वळायला लागते तेवढं.

मार्व्हा खिडकीतून ओरडते,
"लायलॅक तोडू नकोस हं!
पुढच्या वर्षी मीच छाटणार आहे."

तो टेप सोडतो. सर्रकन आत जाते.
मग पुन्हा मोजायला घेतो,
लायलॅकच्या अलीकडून.