वाचनालयाची घंटा

कॉलेजच्या दारात गुणवत्ता यादी असायची
काचेच्या आत, पितळी कुलपात.
मैदानाला फाटकच नव्हतं.
चोरण्यासारखं काय होतं तिथं?
दोन खांब, चुन्याची अर्धी पिशवी,
विजापूर रोडवरून येणारी धूळ.

रिक्षावाला सोडताना दोन रुपये परत द्यायचा,
हुशार पोरींकडून काय जास्त घ्यायचं, म्हणायचा.
त्याला कुठं माहीत,
अकरा वर्षं पहिल्याच फेरीत हरणाऱ्या संघातल्या
तिघी त्याच्या मागं बसल्यात.
प्राचार्य आमचं सांत्वन करायचे:
बरं झालं, दुपारचं प्रॅक्टिकल बुडलं नाही.

वाचनालयात तीनशे जण,
सगळ्यांची तोंडं एकीकडे,
डावा हात वहीवर आडवा.
खो-खोत तसं नसतं.
शेजारणीचं तोंड उलटीकडे असतं,
तिला दिसतं ते तुला दिसत नाही,
आणि पाठीवर थाप पडेपर्यंत
कितीही हुशार असलीस तरी उठायचं नाही.
हे मी भाग्यलक्ष्मी गाजूलला सांगितलं
तर ती म्हणाली, येमूल, बूट बांध.

फेब्रुवारीची दुपार, ऊन एप्रिलचं.
बार्शीच्या पोरी आल्या, मागून दोन टेम्पो,
टेम्पोत हलगी, हलगी शेकायला जुने पेपर,
त्यांचे मास्तर, त्यांच्या आया,
एकीच्या कडेवर झोपलेलं पोर.
आमच्या बाजूला एक खुर्ची.
तीही पाहुण्यांसाठी.

मल्लिनाथमामा वाचनालयाचे शिपाई.
आधी गिरणीत होते. भोंगा बंद झाला
तेव्हा हातात ही घंटा आली, रोज सहाला द्यायची.
त्या दिवशी त्यांनी ती साडेचारलाच दिली.
आणि थांबलेच नाहीत.
देत देत जिना उतरले,
देत देत सायकल स्टँड ओलांडला,
मागून तीनशे जण, चिडलेले,
पुस्तकात बोट अडकवून:
मामा, दीड तास आहे अजून!
चुन्याच्या रेषेपाशी मामा वळले.
काय वाचालाव रे एवढं, म्हणाले, बघा की जरा.

त्यांना ओरडता येत नव्हतं.
पाच मिनिटं नुसतेच उभे,
तोंडी परीक्षेला उभे असल्यासारखे.
मग कुणीतरी सेकंद मोजायला लागलं, मोठ्यानं,
कारण ते येत होतं.
शमीम बागवान पळत होती.
एकेचाळीस, बेचाळीस,
गणितात दोनदा अडकलेली शमीम,
हलगी एकीकडे, आकडे एकीकडे,
सत्तर, एकाहत्तर,
मध्येच आकडा चुकला म्हणून दोघांचं भांडण,
आणि शमीम अजून पळतेय.

शेवटच्या मिनिटात मी खांबावर सूर मारला.
कोपर सोललं.
बोटांना तिच्या पळण्याचा वारा लागला, ती नाही.

एका गुणानं गेलो.
हलगी वाजली ती त्यांच्यासाठीच वाजली,
पण बार्शीच्या एका आईनं
माझ्या कोपरावर हळद दाबली,
दुसऱ्या हातावर कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि विचारलं, हे तुमचे लोक
मोजत का होते गं?
मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही.

सोमवारी मामांना नोटीस: कारणे दाखवा.
उत्तर आम्ही वाचनालयातच लिहिलं, कुजबुजत,
चार मसुदे फाडले,
पाचव्यात फक्त एवढंच ठेवलं
की घड्याळ बरोबर होतं.
खाली सह्या. कागद बाकांवरून फिरला,
पुढच्याच्या पाठीवर थाप मारून मागचा तो पुढं द्यायचा,
कुणी काही बोललं नाही.

तीनशे नावं, जशी आली तशी.
यादीतला पहिला दोनशे चौदावा,
शमीम तिसरी,
आणि मध्येच कुठंतरी, जागा सापडली तिथं,
मामांची सही,
कानडीत.