दोन स्वल्पविराम

फॉर्मवर विचारलं होतं, धूम्रपान?
शेवंताबाई घोगळे, वय एकसष्ट, राहणार करी रोड,
म्हणाल्या, अहो, बायामाणसं आम्ही.
तंबाखू? छे.
मग मिश्री?
ती होय. ती तर दात घासायला.
दिवसातून किती वेळा घासता दात?
बोटांची पेरं मोजता मोजता
पदराआड हसल्या. सात. आठ धरा.

परळच्या या इमारतीत
शिरेतून सोडायचं औषध तळघरात तयार होतं
आणि वीस मिनिटांत निम्मं उरतं,
आणखी विसात पाव.
म्हणून मी जिन्याने धावतो
शिशाच्या डब्यात ते अल्पायुषी घेऊन,
लिफ्टवर माझा भरवसा नाही.

बाई, हलू नका.
डोकं साच्यात घट्ट, पण कालपासून मिश्री बंद,
उजवी तर्जनी चादरीवरच
घासत राहते, घासत राहते.
पडद्यावर मेंदूच्या मधोमध उजळतात
दोन स्वल्पविराम.

मग ठरल्याप्रमाणे कुटिन्हो मॅडम
बाईंचीच डबी उघडून नाकाशी धरतात.
तव्यावर करपवलेल्या पानाचा वास
एसीच्या गारठ्यात.

नव्या पोरांना इथे सांगावं लागतं,
सुखाचा फोटो निघत नाही.
आपलं औषध रिकाम्या खुर्च्यांवर जाऊन बसतं,
खुर्चीचा धनी आला की उठतं.
उजेड कमी झाला
म्हणजे तिथे कुणी आलंय.

बाईंचे स्वल्पविराम मंदावले.
किंचित. एका बाईवरून काही सिद्ध होत नाही,
मॅडम म्हणाल्या, अजून एकोणतीस जणी हव्यात.

चहा पिताना शेवंताबाई म्हणाल्या,
डबी नाकाशी आली नि आई दिसली बघा,
कणकवलीला, मागच्या पडवीत,
फडक्याने तवा उतरवताना.
ती आली का तुमच्या फोटोत?
मी म्हणालो, एवढं बारीक नाही दिसत.
त्या म्हणाल्या, मग कशाला एवढं मोठं मशीन.
आणि डबी परत मागितली.

साडेसहाला सुटतो.
गेटासमोर टपरी, खांबाला टांगलेला सुंभ,
टोकाशी धुमसणारा.
मान वाकवून सिगारेट टेकवतो.
जळून गेलेल्या भागातही पीळ तसाच,
नुसत्या राखेचा,
फुंकर मारली तर पडेल.
मी श्वास आत ओढतो.
सकाळपासूनची ही पाचवी,