जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही

चौथीच्या भूगोलात एक ओळ होती,
मगदूम गुरुजी पट्टी धरून तिच्याखाली रेघ मारायला लावत:
आपल्या जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही.
त्या ओळीचा एक गुण मी कधी सोडला नाही.
आणि पुढं बत्तीस वर्षं
टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात
एका समुद्रदेवाची काच पुसली.

वीतभरही नाही तो. काशाचा.
ब्रह्मपुरीच्या टेकाडात निघाला,
खापरं, मणी असल्या पसाऱ्यात.
हातातलं आयुध कधीच गळालंय,
हात तेवढा उचललेला.
पाण्याला थांब म्हणतोय की ये म्हणतोय,
मला शेवटपर्यंत उमगलं नाही.
रोमच्या बाजूचा आहे, साहेब सांगायचे.
मी म्हणायचो, मग उतरला कुठल्या स्टँडवर?

साहेब हसले नाहीत. नकाशा काढला.
बोटानं खाडी दाखवली, खाडीतून आत बंदर,
बंदरातून घाटाची नागमोड,
बैलांच्या पाठीवर मीठ वर,
गूळ-तांदूळ खाली,
आणि अशाच कुठल्या तरी गोणीत
दोन हजार वर्षांपूर्वी हा,
मिठात तोंड खुपसून.

माझं लग्न त्याच वाटेनं झालं.
बायको खारेपाटणची, इंदुमती तावडे.
एके काळी गलबतं तिच्या गावापर्यंत यायची म्हणे,
आता खाडीत गाळ, आणि गावात आठवण.
पहिल्यांदा घाट चढून आली तेव्हा
गगनबावड्याला गाडी थांबली, चहाला.
तिनं तांब्यातलं पाणी धारेवर ओतलं,
थोडं इकडं, थोडं तिकडं.
"ह्यातला अर्धा सांजेक माझ्या म्हायेराक,
आणि तुमचा?"

आमचं?
आमची कुंभी तिथंच जवळ उगवते.
समुद्र हाकेवर, वारा खारा,
आणि ही बया पाठ फिरवून चालू लागते उगवतीला.
कासारी, तुळशी, भोगावती, सगळ्या तशाच;
चिखलीला गळ्यात गळा घालतात,
वाडीला कृष्णेत शिरतात,
आणि अख्खं दख्खन तुडवून
परक्या समुद्रात पडतात.
"उलट्या काळजाची नदी तुमची," इंदू म्हणाली,
आणि शुक्रवार पेठेच्या गच्चीवर
बांगडे वाळत घातले.
शेजारच्या इंगवलेकाकू चार महिने बोलल्या नाहीत.
मग एक दिवस वाटी घेऊन आल्या, कालवणाला.

काच पुसताना मी त्याला हे सगळं सांगायचो.
देव असून ऐकायचा.
शाळेच्या सहली यायच्या, एखादं पोर विचारायचं,
मामा, हा इथं काय करतोय?
मी म्हणायचो, नोकरी.

मग ते वर्ष आलं.
पंचगंगेनं घाट बुडवला, पायऱ्या मोजायला उरल्या नाहीत,
गल्लीत पाणी, जिन्यात पाणी,
तिसऱ्या रात्री आमच्या उंबऱ्यावर.
वाहत नव्हतं, नुसतं हिंदकळत होतं,
खाडीसारखं, इंदू म्हणाली.
सकाळी रबराची होडी आली, त्यात नेव्हीची पोरं.
गॅलरीतून तिनं आधी स्वतःला नाही,
लोणच्याची बरणी दिली खाली.
मग उतरता उतरता विचारलं,
"खंयचो रे तू?"
"मालवणचो, आये."
एवढंच. दोघंही पाण्याकडं बघत बसली.
बत्तीस वर्षांत तिचा चेहरा असा मोकळा
मी घाटाच्या धारेवर एकदाच पाहिला होता.

माझं चित्त टाउन हॉलकडं.
मनात आलं, हातच उचललाय त्यानं,
आज तरी खाली घे बाबा.

वल्हं मारता मारता पोरगा म्हणाला,
काका, हे पाणी जातं कुठं?
समुद्र तर इथनं पन्नास-साठ मैलांवर, हा असा.
त्यानं मावळतीला मान केली.
मी उगवतीला बोट दाखवलं.
त्याला खरं वाटलं नाही.
इंदूला विचारलं त्यानं.
तिनं ऐकलंच नाही,
ओंजळीत पाणी घेऊन
जिभेला लावून बघत होती.