पिसवांना रेघ दिसत नाही

लाउरेनो आणि मी एकाच छपराखाली राहतो,
पण स्वयंपाकघराच्या मधोमध एक निळी रेघ आहे,
होडी रंगवून उरलेल्या रंगाची. नऊ वर्षं झाली.
चूल त्याच्याकडे, नळ माझ्याकडे.
तो विहिरीवरून बादल्या आणतो, मी गार पाव खातो.
भांडण एका गायीवरून झालं होतं.
गाय केव्हाच मेली.

फाइश्का मात्र दोघांची.
ती नेमकी रेघेवर आडवी झोपते,
तोंड माझ्याकडे, शेपूट त्याच्याकडे;
वाटणीत मला खर्च आला, त्याला आनंद.

ऑगस्टात ती खाजवू लागली.
मागचा पाय फळ्यांवर टक टक टक, रात्रभर,
जणू बेटावरून कुणी तार पाठवतंय.
पोटाकडचे केस उलटे फिरवले
तर मिरपूड सांडावी तसे काळे कण.
ओल्या कागदावर झटकले, तांबडे पसरले.
तिचंच रक्त. पिसवांनी पिऊन, पचवून टाकलेलं.

मी माझ्या बाजूने लढलो.
बारीक दातांचा कंगवा, साबणाच्या पाण्याची वाटी,
धरली की बुडव, धरली की बुडव.
माझ्या फळ्यांच्या फटी सुईने कोरल्या,
माझी गादी धुकं हटलं त्या एकुलत्या दुपारी
हायड्रेंजियाच्या कुंपणावर टाकली.
चादर गार पाण्यातच धुतली, चूल त्याच्याकडे ना.
रात्री बशीत पाणी, वर दिवा.
सकाळी एकवीस मोजल्या.
परवा तीस.
भिंतीपलीकडून लाउरेनोच्या खाजवण्याचा आवाज येई
आणि खोटं का बोलू, मला बरं वाटे.

गुरांची डॉक्टर फिलोमेना चीजच्या कारखान्यातून
परतताना थांबली. फाइश्काच्या खांद्यांमध्ये
औषधाचे थेंब सोडले, मग खाली बघितलं.
'ही रेघ कसली?'
मी सांगितलं.
ती हसली नाही, तेच जास्त लागलं.
'एव्हारिस्तो, कुत्रीच्या अंगावर आहेत त्या थोड्या.
बाकीच्या घरात आहेत. अंडी, अळ्या, कोष.
कोषातली महिनोन्‌महिने गप्प पडून राहते.
पावलं वाजली, ऊब जाणवली, की उठते.
अर्धं घर झाडणार असशील तर झाडूच नकोस.'
जाताना तिने हेच लाउरेनोला सांगितलं असावं,
कारण संध्याकाळी त्याच्या बाजूचं खोकणं
रेघेपर्यंत आलं आणि तिथेच उभं राहिलं.

आईची खोली कुणाच्याच वाट्याला नव्हती.
कुलूप होतं, पण दाराची खालची फळी कुजलेली,
आणि फाइश्काला तिथला पलंग ठाऊक होता.
आम्ही पांढरे मोजे चढवले, फिलोमेनाची युक्ती.
दार ढकललं.
चार पावलं आत गेलो असू
आणि जमीन उडायला लागली.
त्याच्या मोज्यांवर काळे ठिपके, माझ्या मोज्यांवर तितकेच.
एवढ्या वर्षांत त्या खोलीने
आमची इतकी वाट पाहिली असेल
असं मला वाटलं नव्हतं.
लाउरेनो म्हणाला, 'अरे बापरे.'
नऊ वर्षांतला त्याचा पहिला शब्द,
आणि तोही मला उद्देशून नव्हता.

आईची लोकरी रजई उकळायलाच हवी होती.
नळ माझा, चूल त्याची.
मी घमेलं भरलं, रेघेपर्यंत नेलं.
त्याने पलीकडून धरलं. जड होतं,
थोडं सांडलं, दोघांच्या बाजूंना.
'इतकं कशाला भरतोस?'
'रजई केवढी आहे बघ.'
साबणाच्या वाफेत आईचा वास निघाला
आणि छपराकडे गेला. त्याने खिडकी उघडली नाही.
मीही सांगितलं नाही.

आता रोज सकाळी सगळं घर झाडतो,
तो दारापासून, मी चुलीपासून.
केर लगेच जाळतो, चुलीत.
काल बशीत सात होत्या, आज चार.
फाइश्का रेघेवर घोरतेय, पाय स्थिर.
फिलोमेना म्हणाली होती, आणखी तीन आठवडे झाडा.

लाउरेनोला मी सहा सांगितले.