फक्त इल्गवार्सला दिसेल

लिएपायाच्या पाणीखात्यात
दोन हजार एकशे सहा पानं आहेत,
आणि कोणतं पान कुणाला दिसावं
हे मी ठरवते.
म्हणजे ठरवतो नियम,
मी नियमाला जेवू घालते.

मसुद्यात असेल तोवर पान लिहिणाऱ्याचं.
तपासणीला गेलं की हातातून सुटतं,
मग त्याच्याकडे नुसतं बघायचं,
पेटीत पडलेल्या पत्राकडे बघावं तसं.
मंजूर झालं की सगळ्यांचं,
म्हणजे कुणाचंच नाही.

रात्री दोनला यंत्र फेरी मारतं,
एकेक दार ओढून बघतं,
चुकून उघडं राहिलेलं लावून घेतं
आणि सकाळी माझ्यासाठी यादी ठेवतं.
नोव्हेंबरपासून यादीत एक ओळ रोजची:
पंपगृह तीन, झडप. मालक इल्गवार्स.
स्मरणपत्र पाठवलं. उत्तर नाही.

उत्तर कुठून येणार.
ऑक्टोबरात आम्ही त्याला पुरलं,
पाइनच्या झाडांखाली, रेताड जमिनीत.
खड्डा सारखा ढासळत होता,
गुंतिस म्हणाला, पाणी लागलं असतं तर
यानेच उठून पंप मागवला असता.

यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं.
सांगायचं काम माझं होतं.

नाव काढायला दोन टिचक्या लागतात.
पण या पानावर बंधन होतं, त्याने स्वतः घातलेलं:
वाचणारा एक, लिहिणारा एक,
दोन्ही तोच.
त्याला काढला तर पान राहील,
वाचायला कुणी उरणार नाही.
खोली असेल, दार नसेल,
आणि आत दिवा चालू.

मला स्वतःला हक्क देता येतो.
कुणालाही देता येतो, म्हणून तर देत नाही.
पगाराची पानं, आजारपणाची पानं,
संचालकांच्या मेव्हण्याचं ते कंत्राट,
नऊ वर्षांत एकाही ठिकाणी
मी माझं नाव लिहिलेलं नाही.
किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या कमरेला
त्याने फटीतूनसुद्धा डोकावू नये.
हे कुणी शिकवलं नाही,
जुडग्याच्या वजनानं कळत गेलं.

मग जानेवारी. उणे एकोणीस.
पहाटे चारला पंपगृह तीनचा दाब पडला.
मंजूर पान म्हणत होतं,
काटा चारच्या खाली आला की झडप उघडा.
उघडली.
काटा आणखी खाली.
गुंतिसचा फोन आला, धापा टाकत:
सार्मिते, म्हाताऱ्याने काहीतरी लिहून ठेवलं होतं ना?

वाचक, सार्मिते.
कारणाचा रकाना रिकामा सोडता येत नाही.
तो नियम मीच केला होता.
मी लिहिलं: थंडी.

पाच ओळी निघाल्या.

काट्यावर विश्वास ठेवू नकोस, थंडीत तो खोटं बोलतो.
हातमोजा काढ, टोपी वर कर, कान नळीला लाव.
गुणगुण ऐकू आली तर झडप बंद कर, हळू, दीड फेरा.
खडखड ऐकू आली तर मला बोलाव.
हे मंजुरीला पाठवायचं नाही. हसतील.

मी फोनवर वाचलं.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही,
लोखंडाला कान लावलेला माणूस
बोलत नसतो.
मग तो म्हणाला, गुणगुणतंय.
दीड फेरा.

सहा वाजता मी माझं नाव काढलं.
मी आत गेले होते याची नोंद राहिली,
ती पुसायचा हक्क मलाही नाही.

पान तपासणीला पाठवलं, शेवटची ओळ वगळून.
कुणी हसलं नाही.
एकच शेरा आला, रिगाच्या कार्यालयातून:
चौथी ओळ. "मला" म्हणजे कोणाला?
संबंधित व्यक्ती हयात नाही. दुरुस्त करावी.

मी ओळीला हात लावला नाही.
मालकाच्या रकान्यातलं नाव बदललं,
लिहिलं गुंतिस.
लेखकाच्या रकान्यात इल्गवार्स, आहे तिथेच.
शब्द तोच राहिला,
फोन मात्र आता दुसऱ्या घरी वाजेल.

रात्री दोनला यंत्र आलं,
दार ओढून पाहिलं,
उघडं होतं.
नियमाप्रमाणे उघडंच ठेवून
पुढे गेलं.